चीफसाहेबांचा व्हॉल्व्ह

रविवार, ५ जानेवारी २०२५

आजपासून मी चरित्रकार. चौदा वर्षं गॅसच्या कंपन्यांसाठी सुरक्षा-पुस्तिका लिहिल्या, 'शिडीवर चढताना दोन्ही हात मोकळे ठेवा' छापाच्या. सप्टेंबरात माझ्या कंपनीने हात झटकले. त्यानंतर चार महिने कपाटं आवरली. आता आवरायला कपाट उरलं नाही तेव्हा अश्फाक परकारांचा फोन आला. अश्फाकभाई रत्नागिरीचे, इथे दोह्यात परिषदा भरवतात. फेब्रुवारीत नायजेरियातल्या तेल-वायूवाल्यांचा मोठा मेळावा आहे, त्यात एक जाडजूड पुस्तक निघणार, 'चाळीस शिलेदार'. चाळीस थोर लोकांच्या कारकिर्दी, प्रत्येकी चार पानं, इंग्रजीत.

"ताई, तुमी काय ते लिवा, पन मानूस खूश झाला पायजे," अश्फाकभाई म्हणाले.

"आणि खरं?"

"खरा पन लिवा की. जागा उरली तर."

देवव्रतला सांगितलं. मला वाटलं, नेहमीसारखं 'बरं' म्हणून सकाळी कंपनीची बस पकडायची म्हणून झोपून जाईल. पण तो ताठ बसला आणि यादी मागितली. चाळीस नावं बोट फिरवत वाचली. नवऱ्याला माझ्या कामात रस! लग्नाला बावीस वर्षं झाली, उशीर म्हणायचा नाही.

बुधवार, ८ जानेवारी

नऊ शिलेदार झाले. सगळे गरीब घरात जन्मले, सगळे अनवाणी शाळेत गेले, सगळ्यांना एका पाद्र्याने ओळखलं. अंतरं तेवढी वेगळी. एकाची शाळा तीन किलोमीटरवर होती, ती मी पाच केली. शेजारच्या पानावरच्या माणसाची आठ आहे, हा बिचारा फारच जवळ राहत होता असं वाटत होतं.

अपवाद एका बाईंचा. तेलाच्या जहाजांच्या मोठ्या अधिकारी. फोनवर म्हणाल्या, "माझे वडील मंत्री होते म्हणून मला नोकरी मिळाली. काम मात्र मी केलं. दोन्ही लिहा." मी दोन्ही लिहिलं. अश्फाकभाईंनी पहिलं काढलं.

देवव्रतचा दंड दुखतोय. म्हणे कंपनीने फ्लूचं इंजेक्शन दिलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केला, कडक झाला. ईरा एक खाऊन म्हणाली, "आई, धिस इज अ वेपन." बारावीतली मुलगी, मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की विमानात बसते.

देवव्रतने सुपरमार्केटमधून हिरवी दांडगी केळी आणली. भाजीची नाहीत, शिकरणाची तर नाहीतच. ती त्याने गॅसवर भाजली आणि माशाबरोबर खाल्ली! म्हणे स्वस्त होती. पन्नाशीत पुरुषांना काहीबाही होतं असं ऐकलं होतं. काही जण मोटरसायकल घेतात. आमच्याकडे केळ्यांवर निभावलं.

सोमवार, २० जानेवारी

आज चीफसाहेब. पूर्ण नाव चीफ डॉक्टर इंजिनियर फेस्टस अमाकोरो. तिन्ही पदव्या एकदम लावायच्या, क्रम चुकवायचा नाही, असं त्यांच्या सेक्रेटरीने दोनदा बजावलं. मला हसू आलं, मग आठवलं की आपल्याकडच्या पत्रिकांवर नावाआधी 'मा. ना. श्री.' अशी अर्धी बाराखडी असते. गप्प बसले.

पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण यांचं. परिषदेचे मुख्य पाहुणे आणि यजमानही तेच. दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या हॉटेलात तेविसाव्या मजल्यावर भेटले. एकाहत्तर वर्षांचे, उंच, पांढराशुभ्र झगा, आणि आवाज असा की वाळ्याचं सरबत बोलतंय असं वाटावं. मला आवडले. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाईट लिहीन असा मला माझा अंदाज आहे.

गोष्ट अशी. १९९८. नदीच्या मुखाशी एक लहान गॅस प्लान्ट. चीफसाहेब शिफ्टचे प्रमुख. भर दुपारी पाइप फुटला, अलार्म वाजलाच नाही, पंचवीस माणसं पळत सुटली. हे एकटे आत गेले. चोवीस इंची व्हॉल्व्हचं चाक धरलं आणि दोन मिनिटांत बंद केलं. "मॅडम अंतरा, नेता म्हणजे सगळे बाहेर पळतात तेव्हा आत चालत जाणारा माणूस." तिथून मॅनेजर, मग मोठ्या कंपनीचे प्रमुख, मग मंत्र्यांचे सल्लागार. आता स्वतःचा नवा गॅस प्रकल्प. सगळी शिडी त्या एका व्हॉल्व्हवर टेकवलेली.

मी लिहून घेतलं. पण चोवीस इंची व्हॉल्व्ह दोन मिनिटांत? आमच्या पुस्तिकेत मीच लिहिलं होतं, असल्या चाकाला किमान सत्तर-पंचाहत्तर फेरे आणि दमाची दोन माणसं.

घरी येऊन देवव्रतला विचारलं. तो सत्तावीस वर्षं प्लान्ट चालवतोय.

"दोन मिनिटांत?" तो खदखदून हसला. "गंजलेला असेल तर पंधरा मिनिटं. आणि नंतर खांदे कामातून गेले समज. कोण म्हणालं?"

"चीफ अमाकोरो."

हसू असं थांबलं, जणू कुणी मेन स्विच पाडला. "मग असेल. माणूस दांडगा आहे. लिही ना तसंच."

"तुला काय माहीत दांडगा आहे?"

"फोटोत दिसतो," म्हणाला आणि इस्त्री करायला लागला. माझाही कुर्ता केला.

गुरुवार, २३ जानेवारी

सेक्रेटरीने फोटो पाठवले. त्यात एक त्या अपघातानंतरच्या दिवसाचा. प्लान्टसमोर सगळे ओळीने. मधोमध तेव्हाचे चीफसाहेब, हात कमरेवर, हात स्वच्छ. मागच्या रांगेत टोकाला एक सडपातळ मुलगी, दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज.

खाली सूचना, 'उजवी कड कापावी.' उजव्या कडेला ती मुलगीच होती.

मी कापली नाही. मोठी करून पाहिली. मागच्या बाजूचा स्कॅनही चुकून आला होता, त्यावर पेनाने नावं. शेवटचं, इबिनाबो हॉर्सफॉल, ट्रेनी ऑपरेटर.

शनिवार, २५ जानेवारी

अर्ध्या तासात सापडली. नायजेरियातल्या पोर्ट हार्कोर्टमध्ये, प्लान्टवरच्या कामगारांसाठी शाळा चालवते. संदेश पाठवला, पाच मिनिटांत फोनच आला. मागे पोरांचा गोंधळ आणि घणाचे आवाज.

"फेस्टस कसा आहे? अजून तोच व्हॉल्व्ह बंद करतोय?"

मी म्हटलं, "तुम्ही केलात ना?"

आधी तिने मागच्या पोरांना दटावलं. मग म्हणाली, "हो. चोवीस वर्षांची होते, अक्कल नव्हती. लांब पाना लावून एकटीने फिरवला, अकरा मिनिटं. ठिणगी पडली असती तर आज तुम्ही दुसऱ्या कुणाशी बोलत असतात. मुलांना पहिल्याच तासाला सांगते, मी केलं ते करायचं नाही."

"आणि चीफसाहेब?"

"तो पळाला." मग घाईने म्हणाली, "थांबा, अर्धंच लिहू नका. रेडिओ बंद होता. फोन गेटवर, दीड किलोमीटर लांब. तो तिथवर पळाला, गॅसविहिरीकडून येणारा पुरवठा बंद करायला लावला, आणि मग गावात घरोघर जाऊन चुली विझवल्या. दुपारची वेळ, प्रत्येक घरात चूल पेटलेली. त्या दिवशी त्याने चारशे माणसं वाचवली. मी एक पाइप वाचवला."

"मग तो हे का सांगत नाही?"

"बाई, पळणाऱ्या माणसाचा पुतळा पाहिलाय कुठे?"

फोन ठेवला. बाईंना राग कसा नाही, हेच कळेना. मला तर त्यांच्या वाटचाही आला होता.

मंगळवार, २८ जानेवारी

अश्फाकभाईंना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"ताई, या मानसाच्या पैशावर हॉल हाय, जेवन हाय, पुस्तक हाय. तुमी त्याला पळवताय?"

"तो पळाला म्हणून गाव वाचलं. हीच गोष्ट मोठी आहे."

"मोठी हाय, पन त्याला नको हाय. खलास. आनी तुमच्या घरचापन जरा इचार करा."

"माझ्या घरचा काय संबंध?"

अश्फाकभाई एकदम खोकायला लागले. पाणी प्यायले. मग म्हणाले, थंडी फार पडलीय. बावीस अंश होते.

रविवार, २ फेब्रुवारी

सगळं कळलं. सावकाश लिहिते, कारण राग आलाय.

देवव्रतचा नवा कोट धुवायला द्यायचा म्हणून खिसे तपासले. (नवा कोट का घेतला, हा प्रश्नही मला पडला नव्हता.) आत पिवळं कार्ड. पीतज्वराची लस, ६ जानेवारी. आफ्रिकेत जायचं असेल तर लागते ती.

तो संध्याकाळी बसमधून उतरून घरात आला. मी कार्ड टेबलावर ठेवलं. त्याने बूटही काढले नाहीत, तसाच खुर्चीत बसला.

"माझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय. वाढवणार नाहीत. नोव्हेंबरमध्येच सांगितलं."

"नोव्हेंबर!"

"तुझी नोकरी नुकतीच गेली होती. मला वाटलं, दुसरी मिळाली की एकदमच सांगावं. अश्फाकभाईंनी माझा बायोडेटा चीफसाहेबांना दिला. त्यांच्या नव्या प्रकल्पावर ऑपरेशन्सचा प्रमुख. त्यांनी हो म्हटलंय, अंतरा. फक्त सही व्हायची आहे."

म्हणजे ती केळी नायजेरियातल्या जेवणाची सवय म्हणून, इस्त्री विषय बदलायला, आणि दंड या लशीने. मी चरित्रकार! चाळीस माणसांची आयुष्यं उलगडणारी!

"ईराला माहीत आहे?"

ईरा खोलीच्या दारातूनच बोलली. "आई, एव्हरीवन न्यू बट यू. प्रिंटरमध्ये बाबाचे सीव्ही पडलेले असायचे." मग जवळ येऊन, चक्क मराठीत, "तू रागावू नको ना."

मग मी इबिनाबोबद्दल सांगितलं. देवव्रतने सगळं ऐकलं. मान खाली घालून म्हणाला, "एक परिच्छेद आहे. व्हॉल्व्ह बंद झाला हे तर खरं ना? कोणी केला त्याने गॅसला काय फरक पडतो?"

"गॅसला नाही पडत. उद्या तुझ्या हाताखालचं एखादं पोरगं हे वाचून छाती काढून आत जाईल, त्याला पडेल. चौदा वर्षं मी लिहितेय, गळती झाली की शूरपणा करू नका, बाहेर पडा, कळवा. आणि आता चार पानं शूरपणाची?"

"कोण वाचतं असली पुस्तकं?" तो म्हणाला.

मी पिवळं कार्ड उचलून कोटाच्या खिशात परत ठेवलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दोन दिवस दोन मजकूर समोर ठेवून बसले होते. पहिल्यात चीफसाहेब आत चालत जातात. दुसऱ्यात ते पळतात, फोन करतात, चुली विझवतात, आणि व्हॉल्व्ह इबिनाबो हॉर्सफॉल नावाची मुलगी बंद करते.

पहिला पाठवला तर नवऱ्याला नोकरी. दुसरा पाठवला तर मला झोप. जूनमध्ये नोकरी नसेल तर रेसिडेन्सी, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाईल, हे घर जाईल, ईराचं कॉलेज कुठे हा प्रश्न पडेल. हे सगळं मला कळतं. मी काही संत नाही, शाळेची अंतरं वाढवणारी बाई आहे.

आज अकरा वाजता दुसरा पाठवला, थेट सेक्रेटरीला. वर स्पष्ट लिहिलं, 'अपघाताचा भाग बदलला आहे, चीफसाहेबांनी स्वतः वाचून मान्यता द्यावी.' देवव्रतला विचारलं नाही. म्हणजे तो जे माझ्याशी वागला तेच मी त्याच्याशी वागले, फक्त मी खरेपणाच्या नावाखाली.

अकरा वाजून चार मिनिटांनी उत्तर आलं. 'चीफसाहेबांची मान्यता आहे. अतिशय प्रभावी लेखन.'

चार मिनिटांत! फोटोसुद्धा धड पाहिले नसणार. दोन दिवस मी उगाच जेवले नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रकाशन. हॉटेलचा मोठा हॉल, चारशे माणसं, फुलं एवढी की लग्न आहे की काय वाटावं. देवव्रत नव्या कोटात. त्याला अजूनही काही सांगितलेलं नव्हतं. कोण वाचतं असली पुस्तकं, या एका वाक्याच्या आधारावर मी आठवडा काढला होता.

आणि मग निवेदिका म्हणाली, "आता चीफसाहेबांच्या प्रकरणातला एक उतारा वाचून दाखवते."

हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. मी अश्फाकभाईंकडे पाहिलं, ते व्यासपीठाखाली उभे होते, खुशीत. त्यांनीही वाचलं नव्हतं.

निवेदिकेचा आवाज खणखणीत. "'चीफ अमाकोरो पळाले.'" ती थांबली. पानाकडे पुन्हा पाहिलं. आता मागे कशी जाणार? पुढे वाचत राहिली. दीड किलोमीटर. गेटवरचा फोन. चुली. मग, "'त्याच वेळी चोवीस वर्षांच्या इबिनाबो हॉर्सफॉल यांनी एकटीने व्हॉल्व्ह बंद केला.'"

देवव्रतने माझ्याकडे वळून पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. रागावलेली नव्हती. घाबरलेली होती.

चीफसाहेब उठले. माइकपाशी गेले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. एवढा वेळ घेतला की पुढच्या रांगेतले लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"दीड किलोमीटर," ते म्हणाले. "सेफ्टी शूज घालून. दुपारच्या उन्हात. तुमच्यापैकी कोण पळून दाखवतो?"

हशा. मग टाळ्या. मग सगळे उभे! चीफसाहेबांनी छातीवर हात ठेवला. "सत्तावीस वर्षं हे ओझं मी बाळगलं. आज मीच ठरवलं की ते उतरवायचं." मीच! "आणि त्या धाडसी मुलीलाही मानवंदना." नाव घेतलं नाही. निवेदिकेने घेतलं तेवढंच.

खाली उतरल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. हसत होते. डोळे हसत नव्हते. "मॅडम अंतरा, फार प्रभावी लेखन."

घरी परत येताना गाडीत देवव्रत इतकंच म्हणाला, "मला सांगायचंस."

"तूही."



शनिवार, १५ फेब्रुवारी

चीफसाहेब जगभर गाजतायत. त्यांची पोस्ट फिरतेय, 'मी पळालो, आणि म्हणून मी नेता झालो.' हजारोंनी वाहवा. दोन विद्यापीठांनी भाषणाला बोलावलंय, विषय, प्रामाणिकपणा. माणसाने खोट्यावर एक कारकीर्द उभी केली आणि खऱ्यावर दुसरी. मानलं.

अश्फाकभाई बुधवारी 'ताई, मेलो मी' म्हणत होते. आज म्हणाले, "ताई, फोन वाजतायत नुस्ते. तीन कंपन्यांना असलाच खरा-खरा पुस्तक पायजे."

सोमवार, १७ फेब्रुवारी

देवव्रतला मेल आली. प्रकल्पाची पुनर्रचना, पद तूर्त भरणार नाहीत, शुभेच्छा. सहीला तिन्ही पदव्या, क्रमाने.

मी माफी मागितली. न विचारता पाठवल्याची, पाठवल्याची नाही. तो फरक त्याला कळला. "हं," म्हणाला आणि मेल पुसून टाकली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

समैस्माला समुद्रावर गेलो. ईरा पाण्यात, आम्ही दोघं चटईवर. ओहोटी होती, पाणी गुडघ्याएवढं, लांबपर्यंत.

देवव्रत म्हणाला, "एक सांगू? मी त्या दुपारी तिथे असतो ना, तर मीही पळालो असतो. आणि फोनकडे नाही. सरळ गाडीकडे."

सत्तावीस वर्षं प्लान्टवर काढलेला माणूस. गणपतीत मित्रांसमोर प्लान्टच्या शटडाऊनच्या गोष्टी सांगताना याची फुगलेली छाती मी पाहिलीय.

"मी तर गाडीची किल्ली शोधत बसले असते," मी म्हटलं.

तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा, मनापासून. मग आम्ही जूनबद्दल बोललो, नीट, तारखा धरून. नाशिकचं घर, ईराची परीक्षा, किती महिने निभेल. वाईट बातम्याच सगळ्या. तरी बरं वाटलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

इबिनाबोबाईंना पुस्तक मिळालं. फोन आला. म्हणाल्या, पान शाळेच्या भिंतीवर लावलं, पण अकरा मिनिटांचा आकडा त्यांचाही अंदाजच आहे, तेव्हा घड्याळ कोण बघणार. मग विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

मी फोन त्याच्या हातात दिला आणि स्पीकर चालू ठेवला.

त्या सरळ मुद्द्यावर आल्या. पावसाळ्यानंतर तीन महिन्यांचा वर्ग आहे, खरा प्लान्ट चालवलेला माणूस हवा. मानधन थोडं, राहणं-जेवण शाळेत. "एकच प्रश्न विचारते. समोर गॅस सुटलाय. काय कराल?"

देवव्रतने माझ्याकडे पाहिलं. घसा साफ केला. आता पुस्तिकेतला सातवा परिच्छेद म्हणणार असं मला वाटलं.

"आधी वारा कुठून येतोय ते बघेन, मॅडम. मग पळेन."

पलीकडून इतक्या मोठ्याने हसण्याचा आवाज आला की ईरा खोलीतून बाहेर आली. "या वर्षी अकरा जणांना विचारलं," बाई म्हणाल्या. "दहा जण आत गेले. अकरावा अजून विचार करतोय. बोला, येताय?"

खुर्चीतच तो जरा सरसावला.

"बायकोला विचारून सांगतो," म्हणाला, आणि फोन हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

मी चहा टाकायला उठले. दोन दिवस विचार करणार आहे. बाईंची थांबायची तयारी आहे, आणि त्यालाही जरा थांबू दे.